ज्या खोलीत बाजू घ्यायची नसते

मिस लोरेटा, माझी धाकटी बहीण शुभा, तिचे यजमान प्रसादराव आणि माझी भाची रिया. ही चार नावं आधीच लिहून टाकते. मी घाबरट बाई. काय घडलं ते सांगायला लागले की भलतीकडेच वाहवत जाते आणि आभार मानायचे राहून जातात. शुभा, प्रसादराव आणि रिया घरचेच आहेत, समजून घेतील. मिस लोरेटा आमच्या कोणी लागत नाहीत, म्हणून त्यांचं नाव सगळ्यांत वर.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी “ताई, तुम्ही तुमच्या कामाबद्दल लिहा” असं संपादकीणबाई म्हणाल्या, तेव्हा मला हसूच आलं. या अंकात लिहिणारे सगळे शिकलेसवरलेले. माझी शाळा आठवीत सुटली. रेवदंड्याला आमची नारळ-सुपारीची छोटी वाडी होती आणि पर्यटकांना राहायला दोन खोल्या. आई आजारी पडली आणि त्या खोल्यांची झाडलोट, चहापाणी माझ्याकडे आलं. शुभा मात्र शिकली, पुण्याला गेली, मग इथं आली. आई गेल्यावर तिनं माझे इथं येण्याचे कागद केले, ते यथावकाश मंजूर झाले, आणि मी चाळिशी उलटल्यावर व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला येऊन पोचले.

अ‍ॅशबर्नमधल्या त्या बिनखिडक्यांच्या भल्यामोठ्या डेटा सेंटरच्या इमारती संपल्या की शेतं लागतात. तिथं अर्ध्या तासावर एक जुनं विटांचं घर आहे. अमेरिका नवी नवी होती त्या काळातल्या एका मुत्सद्द्याचं. माणूस फार नावाजलेला नाही, पण परराष्ट्र खात्यात राबलेला. आता तिथं संग्रहालय आहे. तिथं सफाईला बाई हवी होती. प्रसादराव मला सकाळी सोडत आणि संध्याकाळी घरी येता येता उचलत.

लोकांना वाटतं, सफाई म्हणजे सफाई. संग्रहालयातली वेगळी असते. स्प्रे मारायचा नाही. ओलं फडकं जवळजवळ कुठंच नाही. व्हॅक्यूमच्या तोंडाला बारीक जाळी बांधायची, म्हणजे जुन्या लाकडाचा ढलपा निघालाच तर तो आत न जाता जाळीवर अडकतो. घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश. हातात बांगडी, अंगठी नाही. पडदे दुपारचे ओढलेलेच, उन्हानं गालिच्याचा रंग उडतो. पहिल्याच आठवड्यात मी बाहेर बूट काढले आणि घरी लादी पुसायला जावं तशी अनवाणी आत शिरले. दुसऱ्याच्या एवढ्या मोठ्या घरात बूट घालून कसं जायचं, असं वाटलं. तेव्हा दारातल्या खुर्चीवरून एक म्हातारा आवाज आला, “बाई, पायाला घाम असतो. दोनशे वर्षं टिकलेली फळी तुझ्या पायानं जायला नको.”

त्या मिस लोरेटा. वय सत्तरीच्या पुढं, सावळा तुकतुकीत चेहरा, हातात काठी आणि जिभेला धार. जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला. निवृत्त झाल्यावर इथं गाइड. शनिवार त्यांचा. शनिवारी सगळ्यांत जास्त गर्दी, आणि काही लोक तर मुद्दाम त्यांच्यासाठी शनिवारीच येत. आमचं सगळं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, माझ्या मोडक्या आणि त्यांच्या खणखणीत. इथं मी ते मराठीत लिहिते आहे.

एकदा रिया मला न्यायला आली होती. तिनं मला मावशी अशी हाक मारलेली त्यांनी ऐकली. “ही काय म्हणते तुला?” मी अर्थ सांगितला, आईची बहीण, पण आईसारखीच. त्यावर त्या म्हणाल्या, “आणि मला तू मिस लोरेटा म्हणतेस. शाळेतल्या पोरांसारखं! मावशी म्हण ना.” माझी जीभ काही वळेना. शेवटी ‘मिस मावशी’वर तडजोड झाली. अजूनही तेच चालतं.

मग एके दिवशी आमच्या संचालकांनी बोलावलं. ते तरुण, सभ्य, वाईट बातमी सांगताना चष्मा पुसणारे. नव्या वर्षापासून सफाई बाहेरच्या कंपनीकडे जाणार होती. माझं काम संपणार होतं. “पण गाइडची एक जागा निघते आहे,” ते म्हणाले. “तुम्हाला या घरातली प्रत्येक वस्तू माहीत आहे. एकदा माझ्यासमोर, खऱ्या पाहुण्यांना घर दाखवा. जमलं तर जागा तुमची.”

गाडीत मी हे सांगितलं. प्रसादराव मनानं फार चांगले. म्हणाले, “ताई, टेन्शन घेऊ नका. नाही जमलं तर घरी काय कमी काम आहे?”

त्यांना दिलासा द्यायचा होता. पण मला ते घर दिसलं. सकाळी सगळे कामाला, शाळेला, आणि मी दिवसभर दुसऱ्याच्या किचनमध्ये, कोणी येईपर्यंत. बहिणीचं असलं तरी दुसऱ्याचंच. रेवदंड्याच्या खोल्या आमच्या होत्या. इथं ती नोकरी तेवढी माझी होती. बाकी सगळं दिलेलं.

संचालकांनी गाइडच्या भाषणाची चार पानं दिली. मी शाळेत जे एकच शिकले होते ते केलं. पाठांतर. पाढे म्हणावेत तसं, डोलत डोलत. आंघोळीत, कांदा चिरताना, गाडीत. अर्थ लागो न लागो, ओळीमागून ओळ. रिया म्हणाली, “मावशी, यू साउंड लाइक द एअरपोर्ट.”

मिस लोरेटांनी एका सोमवारी, घर बंद असताना, ऐकायला बसायचं कबूल केलं. मी सुरू केलं. अर्ध्यात त्यांनी विचारलं, “हे टेबल कुठल्या लाकडाचं?”

मी थांबले. उत्तर येत होतं, रोज तेच तर पुसत होते. पण पुढची ओळ गेली. म्हणून मी पुन्हा “गुड मॉर्निंग अँड वेलकम”पासून सुरुवात केली. त्यांनी पुन्हा मधेच विचारलं. मी पुन्हा गुड मॉर्निंग. तिसऱ्यांदा त्यांनी काठी आपटली.

“आज काही दुपार व्हायची नाही वाटतं या घरात! सारखी सकाळच.”

मला रडू आलं. त्यांनी पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून दिली, नि म्हणाल्या, “पानं बाजूला ठेव. या खोलीत काय झालं ते मला तुझ्या शब्दांत सांग. मी आज शिक्षक नाही, शेजारीण आहे.”

आता बाहेरच्या वाचकाला ती खोली समजावी म्हणून मी इथं थोडक्यात सांगते. हिरव्या भिंतींची अभ्यासिका. हा देश जन्मून थोडीच वर्षं झाली होती, आणि तिकडे फ्रान्स आणि इंग्लंडचं युद्ध पेटलं. पहिल्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की आम्ही कोणाच्याच बाजूनं नाही, तटस्थ. त्यानंतर तीस वर्षांनी पाचव्या राष्ट्राध्यक्षांनी संसदेला संदेश पाठवला. युरोपातल्या राजांनी या दोन्ही अमेरिका खंडांत यापुढं नवीन वसाहती करू नयेत. ज्या आहेत त्यांना आम्ही हात लावणार नाही, आणि युरोपच्या आपापसांतल्या भांडणांतही पडणार नाही. आमचे मुत्सद्दी पहिल्या वेळी तरुण कारकून होते आणि दुसऱ्या वेळी म्हातारे सल्लागार. दोन्ही वेळची पत्रं त्यांनी त्या टेबलावर लिहिली. बस, एवढंच. पण यावर माणसं अजून भांडतात.

मी मिस लोरेटांना सांगत सांगत फ्रान्सपाशी आले आणि अडले. या वेळी विसरले म्हणून नव्हे.

“मिस मावशी, स्वातंत्र्याच्या लढाईत यांना फ्रान्सनंच मदत केली होती ना? सैन्य दिलं, जहाजं दिली. करारही होता. मग फ्रान्सवर वेळ आली तेव्हा हे म्हणाले, आम्ही कोणाचेच नाही?”

“म्हणाले.”

“असं कसं? ज्यानं हात दिला त्याच्या वेळेला...” मी स्वतः बहिणीनं दिलेल्या हातावर उभी होते.

त्यांनी पर्समधून आणखी एक गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. मग म्हणाल्या, “मी इतकी वर्षं हे शिकवलं, पण हे विचारताना रडकुंडीला आलेलं कोणी पाहिलं नाही. बघ, मदत केली ती फ्रान्सच्या राजानं. युद्ध पेटलं तोवर लोकांनी त्याचं डोकंच उडवलं होतं. मग उपकार फेडायचे कोणाचे? आणि हा देश तेव्हा पोरसवदा. धड आरमार नाही. फेडायला गेला असता तर स्वतःच बुडाला असता. हे एका बाजूचं. दुसरी बाजू म्हणते, शब्द दिला होता, तो मोडला. मंत्रिमंडळातच यावरून भांडण होतं.”

“मग बरोबर कोण?”

“ते तू सांगायचं नाहीस. लोकांना ठरवू दे. गाइडनं या खोलीत बाजू घ्यायची नसते.” मग काठीवर हनुवटी टेकून म्हणाल्या, “पण प्रश्न असा विचारायचा की त्यांना घरी जाऊनसुद्धा झोप येऊ नये.”

त्यांनी मला आणखी एक शिकवलं. मागच्या अंगाला स्वयंपाकघर आहे. तिथं राबणारी माणसं गुलाम होती. हे चार पानांत एका ओळीत होतं. मिस लोरेटा मात्र तिथं पोचल्या की सगळ्यांना गप्प उभं करायच्या आणि म्हणायच्या, “समोरच्या खोलीत खंडाच्या स्वातंत्र्याबद्दल लिहिणं चाललं होतं, तेव्हा लिहिणाऱ्याचा नाश्ता इथं होत होता.” त्यापुढं काही नाही. मी अजून ते वाक्य तसंच म्हणते, फक्त त्यांच्याइतकं शांतपणे जमत नाही.

त्या महिन्याभरात मी त्यांच्या मागं मागं फिरून पाहुणे बघितले. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आमच्या मुत्सद्द्याबद्दल नसतो. तो असतो, बाथरूम कुठं आहे. दुसरा, इथं भूत आहे का. एक निवृत्त फौजी यायचे, दर वेळी म्हणायचे, “तटस्थ म्हणजे भित्रे.” मिस लोरेटा दर वेळी म्हणायच्या, “तुमच्यासाठी खुर्ची आणू का, साहेब?” अ‍ॅशबर्नची आपली मंडळी येत, पाहुणे आले की त्यांना दाखवायला. एकदा नागपूरहून आलेले एक काका हिरव्या खोलीत मोठ्यानं म्हणाले, “अरे, हे तर आपलं अलिप्ततावादाचं धोरण! यांनी आपल्या आधीच केलेलं!” त्यांचा नातू म्हणाला, “आजोबा, कॅन वी गो?” काकांनी माझ्याकडं बघून विचारलं, “तुम्ही मराठी का हो? मग सांगा ना याला!” मी तेव्हा हातात ब्रश धरून उभी होते. काही सांगायची माझी पाळी नव्हती.

ती पाळी एका गुरुवारी आली. पाहुणे मोजकेच, एक शाळेतल्या शिक्षकांचा गट आणि ब्राझीलहून आलेले एक आजोबा, त्यांच्या मुलीबरोबर. संचालक सगळ्यांच्या मागं, हातात घड्याळ. मिस लोरेटा दारातल्या खुर्चीवर. त्यांना बोलायची परवानगी नव्हती. त्यांचा दिवसही नव्हता, तरी आल्या होत्या. माझ्या तळहातांना इतका घाम की टेबलाजवळ जायची भीती.

फ्रान्सपर्यंत ठीक गेलं. प्रश्न टाकला तेव्हा शिक्षकांत कुजबुज झाली, ते बरं वाटलं. मग मी पाचव्या राष्ट्राध्यक्षांच्या संदेशावर आले. युरोपनं यापुढं या खंडांत पाय ठेवू नये, असं म्हणाले मात्र, ब्राझीलच्या आजोबांनी हात वर केला आणि कोणी हो म्हणायची वाट न बघता बोलायला लागले. मुलगी “पपा, पपा” करत होती.

“आमचा देश तेव्हा नुकताच स्वतंत्र झाला होता. हे ऐकून आमच्या लोकांनी आनंदच मानला. पण पुढं पुढं या शब्दांच्या जोरावर कोण कोणाच्या घरात शिरलं, तेही सांगा ना! युरोपपासून आम्हाला राखायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला? आणि राखणदारापासून कोण राखणार?”

‘तुम्हाला’ म्हणताना त्यांनी बोट माझ्याकडं केलं. जणू मीच अमेरिका.

पुढची ओळ गेली. पार पुसली गेली. माझे ओठ “गुड मॉर्निंग”साठी उघडले सुद्धा. मागं संचालकांनी घड्याळाकडं बघितलं. मिस लोरेटा माझ्याकडं बघत नव्हत्या. खिडकीच्या पडद्याकडं बघत होत्या, तो ओढायचा राहिला होता. मी गेले आणि पडदा ओढला. रोजचं काम केलं तशी बोलायची हिंमत आली.

“साहेब,” मी म्हणाले, “मी अमेरिका नाही. मी रेवदंड्याची आहे. आमचं गाव पोर्तुगीजांच्या तटाच्या आत आहे. आमच्या वाडीची मागची भिंत म्हणजे त्यांचा तट. खाडीपलीकडं कोर्लई. तिथली काही घरं अजून पोर्तुगीजांनी मागं सोडलेली भाषा बोलतात. माझी एक मैत्रीण त्यातली होती.”

आजोबांचं बोट खाली आलं. “पोर्तुगीज? हिंदुस्थानात? अजून?”

“अजून. पोर्तुगीज आले, मग मराठे आले, मग इंग्रज. येणारा प्रत्येक जण आधीच्यापासून आमचं रक्षण करायलाच आला होता. तट तोच राहिला. हा संदेश इथं वाचला गेला तेव्हा आमच्याकडं पेशवाई बुडून थोडीच वर्षं झाली होती. कंपनी सरकार बस्तान बसवत होतं. युरोपनं इकडं येऊ नये असं या कागदात आहे. तिकडं जाऊ नये असं कुणी लिहिलं नाही. त्यामुळं तुमचा प्रश्न मला कळतो. तो माझ्या पानांत नाही. आणि या घराची गाइड म्हणून मला बाजू घेता येत नाही. पण प्रश्न जुना आहे, तुमच्याकडच्या लोकांनी पूर्वीच विचारलेला आहे, आणि तो या खोलीत विचारला गेला हे बरं झालं.”

कोणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. शिक्षकांतली एक बाई म्हणाली, “एक्स्क्यूज मी, रेस्टरूम?” मी दिशा दाखवली. आजोबा मात्र पुढचा सगळा वेळ माझ्या शेजारून चालले आणि कोर्लईत माशाला काय म्हणतात, चर्चमध्ये कुठल्या भाषेत प्रार्थना होते, विचारत राहिले. मला फारसं सांगता आलं नाही. या गडबडीत जेवणघर दाखवायचं राहिलं आणि वेळ संपली.

संचालकांनी चष्मा काढला. मी मनात म्हटलं, झालं.

“एक खोली राहिली,” ते म्हणाले. “आणि तुम्ही गावाबद्दल जरा जास्त बोललात.” पुसून झाल्यावर चष्मा घातला. “पण तुम्ही थांबला नाहीत. मला तेवढंच बघायचं होतं. जेवणघराचा सराव करा. नव्या वर्षापासून या.”

मी मिस लोरेटांना मिठी मारली तेव्हा त्या म्हणाल्या, “हळू, हळू, गुडघा! या गुडघ्यांनी आता खूप झालं बघ. मी हे काम सोडते. मुलीकडं जाते, तिकडं देशाच्या पार पश्चिम टोकाला, बॉथेलला. पाऊस फार आहे म्हणे, पण पोरगी आहे.”

मी खरंच मानलं की गुडघेच. निरोपाला शुभानं पुरणपोळ्या करून दिल्या. प्रसादराव त्यांना विमानतळावर सोडायला गेले, व्हीलचेअर मिळेपर्यंत थांबले. मी रडले, आणि पुढच्याच आठवड्यात गाइडचा बॅज लावून उभी राहिले.

वसंतात गर्दी वाढली, तेव्हा मी संचालकांना सहज म्हटलं, “शनिवारी अजून एक गाइड हवी होती. मिस लोरेटा असत्या तर आम्ही दोघी पुरलो असतो.”

ते जरा चमकले. “दोघींची जागा कधीच नव्हती. पगाराची जागा एकच. लोरेटानं तुम्हाला सांगितलं नाही? सफाईची बातमी कळली त्याच दिवशी ती माझ्याकडं आली होती. म्हणाली, तिला संधी द्या, जमलं तर माझे दिवस तिला द्या. नाही जमलं तर मी आहेच.”

म्हणजे त्या सोमवारी काठी आपटताना त्यांना ठाऊक होतं. गुरुवारी दारातल्या खुर्चीवर बसून त्या मला नोकरी मिळताना आणि स्वतःची जाताना बघत होत्या, आणि मी अडले तेव्हा पडद्याकडं बघून मला वाट दाखवत होत्या.

मी लगेच फोन केला. त्यांनी उडवून लावलं. “कोण म्हणतं? गुडघेच होते. आज किती माणसं आली ते सांग. फ्रान्सवर भांडली का?” पण त्यांच्या मुलीनं मागून ओरडून सांगितलं की डॉक्टर म्हणाले होते, गाइडचं काम सोडू नका, गुडघ्यांना उभं राहणंच चांगलं आहे. ही मुलगी नर्स आहे. शनिवारी तिची बारा तासांची पाळी असते. तेवढा वेळ मिस लोरेटा एकट्या, खिडकीपाशी, बाहेर पाऊस. दुपारी आमचं घर उघडं असतं तेव्हाच नेमका त्यांचा फोन येतो. मी उचलू शकत नाही.

तेव्हापासून शनिवारी पाहुण्यांना नमस्कार करताना मला चोरीच्या जागेवर उभं राहिल्यासारखं वाटतं. शुभा म्हणते, “ताई, कोणी प्रेमानं दिलं तर घ्यावं गं, किती विचार करशील?” शुभाचं बरोबर आहे. मी घेतलंय. ठेवून मात्र घ्यायचं नाही.

हे लिहून झालं की रिया इंग्रजीत करून मिस लोरेटांना फोनवर वाचून दाखवणार आहे. म्हणून शेवटचं थेट त्यांनाच.

मिस मावशी, यंदापासून दर जानेवारीत आपलं घर डागडुजीसाठी बंद राहणार आहे. ते शनिवार तुमचे, मी तिकडं तुमच्याजवळ येऊन बसेन. विमानात मी या देशात कधी एकटी बसले नाही. गेट बदललं तर काय करायचं हे मला अजून कळत नाही, आणि विमानातून उतरल्यावर बॉथेलला तुमच्या दारापर्यंत कसं यायचं तेही नाही. रिया शिकवते म्हणाली आहे. तुमच्या मुलीला सांगून ठेवा, त्या शनिवारी तिनं तुमची काळजी न करता कामावर जावं. या जानेवारीत नाही जमलं तर पुढच्या, पण मी येईन.